टाकाऊतून अलंकार : कथिलाची पाटली आणि कागदाचा मणी

‘अलंकार’ हा शब्द संस्कृतातील ‘अलम्’ या अव्ययापासून सिद्ध झाला आहे. अलम् म्हणजे पुरेसे. जे उणे आहे ते पुरते करतो, तो अलंकार. या व्युत्पत्तीत सोने नाही, मोती नाही, किमतीचा तर उल्लेखही नाही. मौल्यवान धातू आणि अलंकार यांची गाठ व्यवहाराने घातली. भाषेने ती घातलेली नव्हती. मराठी मुलखातील जुन्या दागिन्यांची नावे सावकाश उच्चारून पाहिली, तर हीच गोष्ट वेगळ्या रीतीने ध्यानात येते. बोरमाळ, पोहेहार, चिंचपेटी, जोंधळी पोत, तांदळी पोत, बेलपानटीक ही सारी नावे शेतातून, कुंपणावरून आणि स्वयंपाकघरातून आलेली आहेत. सोनाराने घडविलेल्या वस्तूला नाव देताना आपल्या आज्यापणज्यांनी सुपातल्या दाण्यांकडे पाहिले. ज्वारीच्या या सोलापूर जिल्ह्यात जोंधळी मण्यांची पोत गळ्यात घालणाऱ्या स्त्रीला तिचे नाव समजावून सांगण्याची गरज कधी पडली नसेल.

प्रस्तुत लेखाचा विषय घरातील टाकाऊ वस्तूंपासून हाताने अलंकार तयार करणे हा आहे. कार्यानुभवाच्या तासाला वसतिगृहातील विद्यार्थी–विद्यार्थिनी हे काम आवडीने करतात. पालकसभेच्या दिवशी मांडलेल्या वस्तूंविषयी पालक आस्थेने विचारतात. ‘हे कसे केले?’ हा बहुतेकांचा प्रश्न असतो. क्वचित एखादे वयोवृद्ध गृहस्थ ‘हे का केले?’ असे विचारतात, आणि त्यांच्या स्वरात नाराजी असते. दोन्ही प्रश्नांना उत्तर देणे मला आवश्यक वाटते. किंबहुना दुसऱ्या प्रश्नाला टाळून पहिल्याचे उत्तर देणे आपल्या संस्थेत तरी शोभणारे नाही.

प्रथम हे स्पष्ट करावयास हवे की, टाकाऊतून अलंकार ही परदेशातून आलेली नवी टूम नव्हे. काचेची बांगडी फुटली की ‘फुटली’ न म्हणता ‘वाढवली’ म्हणण्याची आपली रीत आहे. त्या वाढवलेल्या बांगडीचे तुकडे मुली पूर्वी डब्यात साठवून ठेवीत. मेणबत्तीच्या किंवा चिमणीच्या ज्योतीवर तुकडा धरला की काच मऊ पडते. दोन्ही टोके वाकवून एकमेकांस चिकटविली की कडी होते, आणि त्या कडीत दुसरी कडी अडकवत गेले की रंगीबेरंगी साखळी तयार होते. अशा साखळ्या दारावर तोरण म्हणून झुलत. बांगड्यांचे गाव म्हणून प्रसिद्ध असलेल्या उत्तर प्रदेशातील फिरोजाबादेत तर फुटलेल्या बांगड्यांची काच गोळा होऊन पुन्हा भट्टीत जाते व नवी बांगडी होऊन बाहेर पडते. कासाराच्या दुकानातून आणलेल्या बांगडीत आधीच्या किती मनगटांची काच मिसळलेली असेल, हे कोणी सांगू शकणार नाही.

इंग्रजी अमदानीत १९४३ ते १९४७ या काळात मध्यभागी भोक असलेला तांब्याच्या रंगाचा पैसा चलनात होता. युद्धकाळातील धातुटंचाईमुळे सरकारने त्याच्या मधली धातू काढून घेतली; लोकांनी त्या भोकातून दोरा ओवला आणि लहान मुलांच्या करदोट्यात तो अडकविला. लमाण तांड्यांवरील स्त्रियांच्या पेहरावात नाणी, कवड्या, आरशाचे तुकडे आणि अलीकडे शर्टाची बटणेसुद्धा ज्या कसबाने बसविलेली असतात, ते कसब कोणत्याही कलाशाळेने आदराने पाहावे असे आहे. सोनाराच्या दुकानातील केर आणि राख धुऊन त्यातील सोन्याचांदीचे कण वेगळे काढणारे झारेकरी हाही आपल्याकडचा एक जुना व्यवसाय. दागिन्यांच्या धंद्यात टाकून देण्यासारखे काही नसते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

संक्रांतीच्या हलव्याच्या दागिन्यांचा उल्लेख येथे विशेष करून करावयास हवा, कारण घरातील वस्तूंपासून घरीच अलंकार करण्याचा तो महाराष्ट्रातील सर्वांत परिचित प्रकार होय. तीळ, खसखस किंवा साबुदाणा यांवर मंद आचेवर साखरेचा पाक थेंबाथेंबाने चढवून काटेदार हलवा करतात. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद कापून त्यावर बेगड लावतात, आणि हलव्याचे दाणे दोऱ्याने गुंफून हार, बांगड्या, बाजूबंद, लहान बाळासाठी मुकुट असे सारे तयार करतात. दोन–चार दिवसांच्या शोभेसाठी केलेला हा दागिना मुंग्या लागेपर्यंतच टिकतो. तरीही पुण्यामुंबईकडे कित्येक स्त्रिया दर वर्षी यातून घरबसल्या चार पैसे मिळवितात. पत्रिकेचा कागद, दोरा आणि साखर यांची किंमत किती आणि तयार सेटची किंमत किती, हे पाहिले म्हणजे ग्राहक हाताच्या कामाचे पैसे देतो, मालाचे नव्हे, ही गोष्ट पटते.

आता त्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो.

१९२७ च्या डिसेंबरात महाड येथे सत्याग्रह परिषद भरली. त्या प्रसंगी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांसमोर केलेले भाषण सर्वश्रुत आहे. अंगावरील पेहराव आणि दागिने हीच अस्पृश्यतेची ओळखखूण होऊन बसली आहे, असे त्यांनी त्या मायभगिनींना स्पष्टपणे सांगितले. गळ्यातील गळसऱ्यांचा भार आणि हातभर चढविलेल्या कथिलाच्या वा चांदीच्या पाटल्या टाकून द्या, लुगडे उंच न नेसता इतर स्त्रियांप्रमाणे नेसा, आणि दागिना घालावयाचाच असेल तर सोन्याचा करून घाला, एरवी नको, असा त्या उपदेशाचा आशय होता. कथिल म्हणजे तोच धातू, ज्याने तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई लावतात. त्याच परिषदेत, २५ डिसेंबर रोजी, मनुस्मृतीचे दहन झाले होते. त्या ग्रंथाच्या दहाव्या अध्यायात चांडाळांसाठी जे नियम सांगितले आहेत, त्यांत मृतांची वस्त्रे नेसावीत, फुटक्या भांड्यांत जेवावे आणि लोखंडाचे दागिने घालावेत असे विधान आहे. हे लक्षात घेतले की बाबासाहेबांच्या शब्दांचे वजन कळते. दुसऱ्याने टाकलेले वापरणे ही ज्या समाजाला शिक्षा म्हणून सांगितली गेली, त्याच समाजाच्या लेकरांना ‘टाकाऊतून दागिने करा’ असे शिकवावे काय? त्या वृद्ध गृहस्थांच्या नाराजीचा अर्थ हा आहे, आणि तो अर्थ लहान नाही.

माझ्या मते याचे उत्तर वस्तूत शोधून सापडणार नाही. ते सक्ती आणि निवड यांतील भेदात आहे. मनुस्मृतीतील लोखंडाचा दागिना पाहणाऱ्याच्या सोयीसाठी होता. घालणारी कोण आहे हे दुरून कळावे, एवढेच त्याचे प्रयोजन होते. याउलट आपण होऊन घेतलेले टाकाऊ वस्त्र बौद्ध परंपरेत प्रतिष्ठा पावले. भिक्षूचे पांसुकूल चीवर म्हणजे धुळीत पडलेल्या चिंध्या वेचून, धुऊन, शिवून, रंगवून केलेले वस्त्र. विनयपिटकात कोसंबीचा राजा उदयन आणि आनंद स्थविर यांचा एक संवाद आहे. राण्यांनी आनंदांना पाचशे उत्तरीये दान केली, तेव्हा राजाला शंका आली की हा श्रमण एवढ्या वस्त्रांचे करणार काय, दुकान मांडणार की काय. आनंदांनी सांगितले, की ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्या भिक्षूंना ती वाटू. मग जुन्या चीवरांचे काय, असे राजाने विचारले. त्यांचे पलंगपोस करू. जुन्या पलंगपोसांचे? गादीच्या खोळी. जुन्या खोळींचे? जमिनीवरील आच्छादने. त्यांची पायपुसणी, पायपुसण्यांची धूळ झटकण्याची फडकी, आणि त्या फडक्यांच्याही चिंध्या झाल्या की त्या चिखलात मळून जमिनीला गिलावा करू. राजाचे समाधान झाले आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या कथेत वस्तूचा हिशेब शेवटच्या धाग्यापर्यंत लावलेला आहे आणि त्यात दैन्याचा लवलेश नाही.

तेव्हा वर्गात आम्ही एक पथ्य पाळतो. तयार केलेला अलंकार घालण्याची कोणावरही सक्ती नाही. गरीब घरच्या मुलींच्याच गळ्यात कागदी माळा घालून देणगीदारांसमोर उभे करणे आणि छायाचित्रे काढणे हा प्रकार पुष्कळ ठिकाणी चालतो; तो कथिलाच्या पाटलीचाच नवा अवतार आहे, असे मी स्पष्टपणे म्हणेन. जी वस्तू शिक्षकाने स्वतः किंवा पाहुण्याने हौसेने घातली नसती, ती विद्यार्थिनीने घालावी अशी अपेक्षा धरू नये.

सोन्याविषयीही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. आपल्या भागात कारखान्यांच्या गळीत हंगामावर पुष्कळ कुटुंबांचे वर्ष चालते. ऊसतोडीला जाणारी जोडपी मुकादमाकडून उचल घेतात, आणि ती उचल आजारपणात, घरबांधणीत नाहीतर लग्नकार्यात खर्च होते. लग्नातील सोन्यापायी कर्ज होते हे खरे; पण अडचणीच्या वेळी तेच सोने गहाण ठेवून दवाखान्याचे बिल भागते, हेही तितकेच खरे. कागदाचा मणी कोणी तारण म्हणून घेणार नाही. सोनेच करा हा बाबासाहेबांचा उपदेश व्यवहाराच्या दृष्टीनेही पक्का होता. हाताने केलेला दागिना सोन्याची जागा घेईल असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. तो जागा घेतो ती बाजारातील शिसे–निकेल मिसळलेल्या, पंधरा दिवसांत काळ्या पडणाऱ्या नकली दागिन्यांची.

आता कृतीकडे येऊ.

सर्वांत सोपा आणि सर्वांत समाधान देणारा प्रकार म्हणजे कागदाचा मणी. यासाठी जुन्या दिनदर्शिकेची पाने, मासिकांची गुळगुळीत पाने किंवा जाहिरातीचे रंगीत कागद घ्यावेत. वर्तमानपत्राचा कागद फार मऊ असतो व शाई हाताला लागते, म्हणून तो नवशिक्यांनी घेऊ नये. कागदावर लांबट त्रिकोण आखावेत. त्रिकोणाचा पाया जेवढा रुंद तेवढी मण्याची लांबी, आणि त्रिकोण जेवढा लांब तेवढी मण्याची जाडी, हे एक सूत्र ध्यानात ठेवले की हवा तसा मणी करता येतो. पाया दोन सेंटिमीटर आणि लांबी सुमारे तीस सेंटिमीटर घेतली तर मधे फुगीर व टोकांशी निमुळता असा सुरेख मणी होतो. एका त्रिकोणाचा पाया वर, दुसऱ्याचा खाली, असे उलटसुलट आखले तर नेहमीच्या ए-फोर आकाराच्या एका पानातून एकोणीस–वीस त्रिकोण निघतात आणि कागद जवळजवळ वाया जात नाही. गणिताच्या शिक्षकांनी क्षेत्रफळाचा धडा येथेच घ्यावा, अशी माझी सूचना आहे. त्रिकोणाऐवजी सरळ पट्टी गुंडाळली तर नळीसारखा मणी मिळतो. मोठ्या मण्यांच्या मधे ओवण्यास तो उपयोगी पडतो.

उदबत्तीची जळून उरलेली काडी किंवा विणकामाची सुई घ्यावी. त्रिकोणाचा रुंद पाया तिच्यावर ठेवून पहिला वेढा कोरडा द्यावा. त्याला डिंक लागला तर मणी काडीलाच चिकटून बसतो. नंतर उरलेल्या पट्टीला आतल्या बाजूने डिंक बोटाने पातळ लावून घट्ट गुंडाळत जावे. टोक बरोबर मध्यावर यावयास हवे. ते डावीउजवीकडे सरकू लागले तर लगेच उलगडून पुन्हा गुंडाळावे, कारण शेवटी ओढून सरळ करण्याचा प्रयत्न केला तर मणी शंखासारखा वाकडा होतो. काहींना तो वाकडा आकारच आवडतो, हा भाग वेगळा. डिंकाऐवजी मैद्याची खळ चालते. पुस्तक बांधणारे कारागीर खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. मोरचूद विषारी असल्यामुळे अंगावर घालण्याच्या वस्तूत ती मुळीच घालू नये. त्यापेक्षा खळ थोडी करावी आणि त्याच दिवशी संपवावी.

मणी एक रात्र वाळू द्यावेत. मग त्यांना रोगण चढवावयाचे. सुताराकडे मिळणारे लाख आणि स्पिरिटचे पॉलिश किंवा पाण्यात विरघळणारे स्वच्छ व्हार्निश यांपैकी काहीही चालते. मणी दोऱ्यात सैल ओवून, बुडवून, दोन खिळ्यांमधे दोरा ताणून वाळवावेत. एकमेकांस चिकटू नयेत म्हणून मधे अंतर ठेवावे. असे तीन वेळा केले की मण्याला काचेसारखी चकाकी येते आणि घामाने तो विरघळत नाही. तिसऱ्या हाताचा कंटाळा करणाऱ्यांच्या माळा पावसाळ्यात फुगतात. आफ्रिकेतील युगांडा देशात स्त्रियांनी याच पद्धतीने कागदी मण्यांचा मोठा व्यवसाय उभा केला असून त्यांच्या माळा जगभर विकल्या जातात. घानामधील क्रोबो लोक तर टाकून दिलेल्या बाटल्यांची काच कुटून तिची पूड मातीच्या साच्यात भरतात. भोक राहावे म्हणून मधे कसाव्याच्या पानाचा देठ उभा करतात. भट्टीत देठ जळून जातो, काच एकजीव होते आणि मणी तयार होतो. कसावा म्हणजे ज्याच्या कंदापासून आपला साबुदाणा होतो, तेच झाड.

माळ ओवणे ही स्वतंत्र विद्या आहे. आपल्याकडे पटवेकरी हा कारागीर केवळ दागिने गाठवण्याचे काम करी. सोनाराने घडविलेले मणी त्याच्या हातून गाठवून, गोंडा लावून आल्यावरच दागिना पूर्ण होई. प्रत्येक मण्यानंतर गाठ मारली तर दोरा तुटला तरी एकच मणी पडतो, सारी माळ विखरत नाही. हे पटवेकऱ्याचे साधे शहाणपण मुलांना आधी शिकवावे, आणि मगच मणी हाती द्यावेत. अकलूजच्या मुलांना आणखी एक नमुना दर वर्षी डोळ्यांपुढून जातो. आषाढी वारीत तुकोबांची पालखी येथे मुक्कामाला असते, तेव्हा वारकऱ्यांच्या गळ्यातील तुळशीच्या माळा पाहाव्यात. पंढरपुरातील काशीकापडी समाजाची घरे वाळलेल्या तुळशीच्या काड्यांपासून हे मणी कातत आली आहेत. सुकलेल्या रोपाच्या काडीतून एवढा एकसारखा मणी काढणे हे कौशल्य धार्मिक श्रद्धेपलीकडेही पाहण्यासारखे आहे.

तांब्याच्या तारेचे अलंकार हा आपल्या तालुक्याला विशेष सोयीचा प्रकार म्हणता येईल. नीरेचे पाणी आणि कालवे यांमुळे येथे विहिरीविहिरीवर मोटारी आहेत. मोटारी आहेत म्हणून त्या जळतात, आणि त्या जळतात म्हणून रिवाइंडिंगची दुकाने चालतात. जळालेल्या मोटारीतून काढलेली जुनी तार तेथे किलोवर भंगारात जाते. तीतील थोडी तार मुलांसाठी मागितली तर दुकानदार सहसा नाही म्हणत नाही. उष्णतेमुळे ही तार मऊ झालेली असते, म्हणून ती पेन्सिलीवर गुंडाळून सुंदर वेटोळी होतात. त्या वेटोळ्यांत मणी अडकवून कानातील लोलक करता येतात. तारेवरील काळा थर पॉलिश पेपरने घासून काढावा, आणि मग चिंच–मीठ लावून ती तांब्याच्या घागरीसारखी लख्ख करावी. पूर्ण वाळल्यावर पातळ व्हार्निशचा एक हात द्यावा, म्हणजे ती कळकत नाही. मात्र कानाच्या भोकात जाणारा आकडा तांब्याचा करू नये. घामाने तांब्यावर हिरवा थर चढतो आणि कान चिघळतो. तो आकडा चांदीचा किंवा चांगल्या स्टीलचाच विकत आणावा. एवढा एक खर्च वाचविण्याचा मोह टाळलाच पाहिजे. पाणबुडी मोटारीच्या तारेवर प्लास्टिकचे आवरण असते. ते पेटवून तांबे मोकळे करण्याची भंगारवाल्यांची सवय मुलांनी कदापि उचलू नये, कारण त्या धुरात अत्यंत विषारी वायू असतात.

करवंटीचे काम कष्टाचे आहे, पण त्यातून होणारी वस्तू वर्षानुवर्षे टिकते. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात करवंट्यांना तोटा नसतो. बाहेरील काथ्या आणि आतील खोबऱ्याचे अवशेष खरवडून, हॅक्सॉच्या पात्याने हवा तो आकार कापून, कानशीने कडा गोल कराव्यात. नंतर आधी खरबरीत व मग मऊ पॉलिश पेपरने घासत राहावे. भोक गिरमिटाने पाडावे. खिळा ठोकला की करवंटी तडकते. शेवटी खोबरेल तेल चोळले की शिसवीसारखा काळसर तपकिरी रंग उमटतो. घासताना उडणारी पूड नाकातोंडात जाऊ नये म्हणून रुमाल बांधावा, किंवा ओली करून घासावी.

जुन्या प्लास्टिकच्या बांगडीवर साडीच्या फाटक्या काठाची पट्टी अगर सोलापूरच्या मागांवरील उरलेला दोरा गुंडाळून केलेल्या बांगड्या सर्वांना परिचित आहेत, त्यांवर अधिक लिहीत नाही. पिंपळाच्या पानाचे पदक मात्र आपल्या शाळेत हमखास करतात. गळून पडलेली, न किडलेली पाने पाण्यात तीन–चार आठवडे बुडवून ठेवतात. गर कुजला की जुन्या दातांच्या ब्रशने हलके झाडून केवळ शिरांची जाळी उरवतात. पाण्याला दुर्गंधी येते, ती सहन करावी लागते. ही जाळी काळ्या पुठ्ठ्यावर चिकटवून वर व्हार्निश दिले की चांदीच्या तारेची नक्षी वाटावी असे पदक होते. बोधिवृक्षाचे पान म्हणून ते जवळ बाळगणाऱ्या माजी विद्यार्थ्यांची संख्या लहान नाही.

काय वापरू नये, हे सांगणे तितकेच महत्त्वाचे. गुंजेचा लाल–काळा मणी पाहताच मोह होतो. पण गुंज अतिशय विषारी आहे आणि तिला भोक पाडताना उडणारी पूड किंवा चावलेला एक दाणा जिवावर बेतू शकतो. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा, असे ज्या बीने शतकानुशतके सोने तोलले, ते बी स्वतः गळ्यात घालण्याजोगे नाही. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यांत गेली तर डोळ्यास गंभीर इजा होते. त्यांच्याऐवजी चिंचोके घ्यावेत. भिजवून ठेवले की भोक पाडणे जमते. औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटांचा चंदेरी पत्रा दिसतो छान, पण त्याच्या कडा ब्लेडसारख्या असतात. जुन्या रंगाचे पोपडे असलेले लाकूड वा पत्रा घेऊ नये, त्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो. बॅटऱ्या, बल्ब आणि मोबाइल फोन तर घरी उघडूच नयेत. २०२१ साली पार पडलेल्या टोकियो ऑलिंपिकची सुमारे पाच हजार पदके जपानी जनतेने दिलेल्या टाकाऊ फोनांतून व उपकरणांतून घडविली गेली, हे वाचून काही मुलांनी फोन फोडून सोने काढण्याचा बेत केला होता. त्यांना हिशेब सांगावा लागला. जवळजवळ एकोणऐंशी हजार टन उपकरणे गोळा झाली, तेव्हा त्यांतून बत्तीस किलो सोने, साडेतीन हजार किलो चांदी आणि बावीसशे किलो ब्राँझ मिळाले. आणि ते काम आम्लांपासून रक्षण करणारी यंत्रणा असलेल्या कारखान्यांत झाले. हिशेब ऐकल्यावर बेत मागे पडला.

विक्रीविषयी थोडेसे. बचत गटांच्या भगिनी याविषयी नेहमी विचारतात. सरावलेल्या हाताला एक मणी गुंडाळण्यास दोन–तीन मिनिटे लागतात. म्हणजे वीस मण्यांची माळ गुंडाळण्यास एक तास आणि रोगण, ओवणे, गाठी यांस दुसरा तास धरावा. कागद फुकट, डिंक–दोरा–व्हार्निश यांचे काही रुपये. किंमत ठरविताना हे काही रुपये नव्हेत, तर ते दोन तास मोजावेत, आणि शेतातील मजुरीच्या दरापेक्षा कमी दर स्वतःला लावू नये. ‘गरीब मुलांनी बनविलेले’ अशी पाटी लावून विकलेली माळ एकदाच विकली जाते. घेणारा ती घरी नेऊन कपाटात टाकतो. चांगली गाठवलेली माळ घेणारा पुढल्या वर्षी मैत्रिणीला घेऊन येतो. दीक्षाभूमीवर, चैत्यभूमीवर किंवा १४ एप्रिलला गावोगावी लागणाऱ्या पुस्तकांच्या दुकानांशेजारी असा स्टॉल मांडता येतो. पाटीवर वस्तूचे नाव, ती कशापासून केली ते, आणि किंमत, इतकेच लिहावे.

कागदी माळा पावसाळ्याचे चार महिने घट्ट झाकणाच्या डब्यात, फडक्यात बांधलेल्या मूठभर कोरड्या तांदळांसह ठेवाव्यात. व्हार्निशचा हात वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुट्टीत, नव्याने द्यावा. दोरा मात्र दर वर्षी बदलावा.